पेशंट पडायच्या आधी गप्प होतो

कागलच्या एका पोराचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालाय, नाही छापत. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं त्याच्याच शब्दांत देते.

"काकू नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे, राजारामपुरीतल्या एका सेंटरला दीड वर्ष झालं एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम करतोय. नवरात्रात एक मुलगी कंपनीच्या मेडिकलला आली होती, एमआयडीसीत नवीन नोकरी लागलेली. खाली रक्त देऊन जिना चढून वर आली. छातीचा एक्स-रे होता. मी स्टँडला उभी केली, हनुवटी टेकवली, खांदे पुढं घ्यायला लावले, काचेमागं येऊन श्वास रोखा म्हणालो आणि एक्सपोजर दिलं. श्वास सोडा म्हटलं तरी ती हललीच नाही, मग डुलायला लागली. मी पळत गेलो पण मुलगी आहे, हात कसा लावायचा म्हणून दोन सेकंद थांबलो, ओ ताई ओ ताई करत राहिलो आणि ती खाली गेली. हनुवटी स्टँडच्या कडेला लागून फुटली, तीन टाके पडले. मी आणि वॉर्डबॉयनं उचलून खुर्चीत बसवलं तर हातपाय झटकायला लागली, आम्हाला वाटलं फिट आली. तिच्या भावानं लई शिव्या घातल्या, साहेबांनी टाक्यांचे पैसे माझ्या पगारातनं कापले. तेव्हापासून कुणाला उभं केलं की माझेच हात थरथरतात. हे आधी कळतं का? कळलं तर करायचं काय? बाई पेशंट असेल तर धरायचं की नाही? आणि माझी चूक किती?"

बाळा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं तू वाचशील पण डोक्यात जाणार नाही. चूक झालीय पण तू धरून बसलायस ती नव्हे. दोन सेकंद थांबलास ही लहान चूक. उचलून खुर्चीत बसवलंत ही मोठी. आणि सगळ्यात मोठी चूक तुझी नाहीच, ज्यानं उपाशी पोरीचं रक्त काढून तिला तसंच जिना चढवून स्टँडला उभं करायची लाईन लावलीय त्याची आहे. त्यात नवरात्र, म्हणजे आदल्या दिवशीही धड जेवलेली नसणार, त्यावर टेस्टसाठी रात्रीपासून पोटात काही नाही. मी ३१ वर्षं एक्स-रे रूममध्ये काढली, कंपनीच्या मेडिकलची गर्दी असली की तासाभरात एखादा तरी पांढरा पडायचाच, आणि तो नेमका वीस-बावीस वर्षांचा धडधाकट माणूस असायचा.

झालं काय तिला, ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली पायांकडं आणि पोटाकडं उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत असतात, पण आपण पेशंटला काय सांगतो, अजिबात हलू नका. गुडघे ताठ, छाती फुगवलेली, श्वास कोंडलेला, म्हणजे वर येणारं रक्त अजून कमी. त्यात सुईची भीती, नोकरीचं टेन्शन, बंद खोली, थंडगार प्लेट छातीला लागलेली. हृदय आधी जोरात धावतं आणि मग व्हेगस नावाची जी नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) मेंदूतनं थेट छाती-पोटात उतरते ती एकदम ब्रेक लावते. नाडी चाळीसवर, कधी त्याच्याही खाली, आणि त्याच वेळी पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. मेंदूला रक्त कमी पडलं की ६ ते ८ सेकंदांत दिवा बंद. याला व्हॅसोव्हेगल म्हणतात. हा शब्द रुळला तो लंडनच्या सर थॉमस लुईस या डॉक्टरांच्या १९३२ सालच्या लेखामुळं. त्यांनी त्यात एक लाखमोलाची गोष्ट दाखवली होती, अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देऊन नाडी वाढवली तरी बीपी खालीच राहतं आणि माणूस पांढराच राहतो. म्हणजे नुसता हृदयाचा ब्रेक सोडून भागत नाही, पायात साठलेलं रक्त वर यायला पाहिजे. आणि ते वर आणायचा सगळ्यात सोपा उपाय शरीर स्वतःच करतं, माणसाला आडवं पाडतं. पडलं की डोकं हृदयाच्या लेव्हलला येतं आणि दिवा परत लागतो.

आता तुम्ही त्या पोरीला उचलून खुर्चीत का बसवायला नको होतं ते तुझं तुलाच कळलं असेल. शरीरानं जो उपाय केला तो तुम्ही उलटवला, मेंदूला परत रक्त मिळेना, म्हणून हातपाय झटकले. ती फिट नव्हे. साध्या चक्करमध्येही काही सेकंद असे झटके येतात, आणि बसवून धरलं की जास्तच.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, हे मी स्वतः केलेलं आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, हॉस्पिटलचं नाव जाऊ दे. एक कॉलेजची पोरगी मनगटाच्या एक्स-रेला स्टूलवर बसलेली, हात प्लेटवर फिरवताना कळ आली आणि मान टाकली. मी डावीकडनं धरली, आया उजवीकडनं, तिची आई पाठीमागनं, आणि तिघींनी मिळून तिला अगदी ताठ बसवून ठेवली, पडू नये म्हणून! पोरगी झटके द्यायला लागली. लगेच कुणीतरी ओरडलं फेफरं आलं फेफरं आलं, एक गृहस्थ पायातली चप्पल काढून पुढं झाले, आणि चप्पल आपली कोल्हापुरी, चांगली दोन बोटं जाड तळाची आणि तेल पाजलेली, ती त्या बिचारीच्या नाकाला. दुसरा कांदा शोधायला कँटीनकडं पळाला. शेवटी सर्जन साहेब आले, त्यांनी काही न बोलता पोरीला आमच्या हातातनं काढून जमिनीवर आडवी केली, तिचे पाय स्वतःच्या हातांनी वर धरले, आणि मी मनात वीस मोजायच्या आत तिनं डोळे उघडले. त्या माणसाला आजही वाटत असेल की चपलेनंच उतरलं.

आता तुझा पहिला प्रश्न, आधी कळतं का. कळतं रे, बहुतेक वेळा कळतं, पण आपण बघत असतो कन्सोलकडं. केव्ही, एमएएस हे किरणांचे आकडे, पेशंटचं नाव बरोबर टाकलंय का, आणि पेशंट तर आपल्याकडं पाठ करून उभा. छातीच्या एक्स-रेला ट्यूब ६ फूट लांब, त्याच्यामागं आपण काचेच्या आड, म्हणजे चेहरा दिसायचा चान्सच नाही. म्हणून चेहरा आधी बघायचा, पोझिशन देताना. ओठांचा रंग गेला का, वरच्या ओठावर बारीक घामाचे थेंब आले का, पेशंट सारखा जांभया देतोय का, गिळतोय का, गरम होतंय म्हणतोय का, मळमळतंय म्हणतोय का. कानात गुंई असा आवाज येतोय, डोळ्यापुढं अंधारी येतीय असं जो बोलून दाखवतो तो आपला मित्र, त्याला तिथल्या तिथं खाली बसवायचा, एक एवढा काढू आणि मग, असलं काही करायचं नाही. पण बरेचसे पेशंट बोलत नाहीत, लाजतात. त्यांची एकच खूण मला सगळ्यात पक्की वाटते. बोलता बोलता गप्प होतात.

एका पैलवानाचं सांगते. तालमीतला गडी, कान मोडलेले, वजन शंभराच्या वर नक्की. कुस्तीत खांदा दुखावलेला म्हणून वस्ताद घेऊन आलेले. मी तेव्हा ४८ किलोची, त्याच्या दंडाएवढी माझी कंबर असेल. स्टँडला उभा केला, हात जरासा बाहेर फिरवायचा होता, दुखणार हे मला माहीत, म्हणून बोलण्यात गुंतवला, काय खुराक घेता पैलवान. गडी खुलला. सांगायला लागला की सकाळी थंडाई, त्यात बदाम इतके, मग गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध, आणि तूप म्हणाल तर... आणि तिथं थांबला. तुपावर कोल्हापूरचा पैलवान थांबतो होय? मी हात सोडून वर बघितलं तर ओठ राखेसारखे, कपाळावर घाम, आणि नजर माझ्या आरपार कुठंतरी. मी वस्ताद म्हणून ओरडले, पायानं स्टूल लांब ढकललं, पैलवानाच्या छातीला दोन्ही हात लावून त्याची पाठ भिंतीला टेकवली आणि भिंतीवरनं घसरत घसरत खाली जाऊ दिला. उचलायचा प्रयत्नच केला नाही, केला असता तर आज हे लिहायला मी नसते. वस्तादांनी डोकं धरलं. आडवा केला, पाय स्टूलवर ठेवले, मिनिटाच्या आत शुद्धीवर, आणि पहिलं वाक्य काय तर "कुणाला सांगू नका बाई". तालमीत मेहनत करणाऱ्यांची नाडी आधीच संथ असते, ब्रेक लागला की अजून खाली जाते, त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. पण हे त्याला कोण सांगणार, तो पुढचा महिनाभर आमच्या गल्लीतनं जायचा बंद झाला होता.

तर पेशंटशी बोलत राहायचं ही सवय लाव. काचेमागं गेलास तरी आवाज चालू ठेव, उत्तर येईल असं काहीतरी विचार. "बरं वाटतंय ना" विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. कुठल्या गावचे, आज कुणाबरोबर आलात, असं विचार. उत्तर तुटलं, उशिरा आलं किंवा आलंच नाही तर एक्सपोजर सोड आणि बाहेर ये. तुझ्या त्या पोरीनं श्वास सोडा म्हटल्यावर सोडला नाही ना, तीच तिची खूण होती.

धरायचं कसं. माणूस पडताना त्याला उभा ठेवायला जायचं नाही, त्याचं पडणं फक्त सावकाश करायचं. मागनं जायचं, दोन्ही काखांतनं हात घालायचे, आपला एक पाय पुढं करून त्याच्या पाठीचा भार आपल्या मांडीवर घ्यायचा आणि मांडीवरनं घसरगुंडीसारखा जमिनीवर. डोकं शेवटपर्यंत आपल्या छातीशी. दोघं असाल तर एकानं फक्त डोकं सांभाळायचं, बाकी काही नाही. आणि वजन झेपण्यासारखं नसेल तर नुसतं डोकं वाचवलंस तरी पुष्कळ झालं.

आता ते बाई पेशंटचं. हा प्रश्न विचारलास ते बरं केलंस, कारण कॉलेजात हे कुणी शिकवत नाही आणि पोरं तुझ्यासारखी त्या दोन सेकंदांत अडकतात. मी बाई म्हणून सांगते, धरायचं. हनुवटी फुटून आयुष्यभर तोंडावर टाक्याची खूण घेऊन फिरण्यापेक्षा कुणी काखेत हात घालून खाली टेकवलेलं कुठल्याही बाईला चालेल. पण हे ठरवायची वेळ ती डुलायला लागल्यावर नसते, आधी ठरवलेलं असतं. पोझिशन द्यायच्या आधीच सरळ सांगून टाकायचं, "ताई, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, मी धरून खाली बसवीन". एवढं एक वाक्य बोललास की तिलाही माहीत, तिच्या भावालाही माहीत आणि तुझ्या हातांनाही माहीत. दार बंद असलं तरी कडी लावलेली नसावी. आडवी केलीस की सिस्टरला किंवा मावशींना हाक मारायची, तिची ओढणी, पट्टा, साडीची कंबर सैल करायचं काम त्यांचं. आणि एखादी आधीच फिकट दिसत असेल तर नातेवाईक बाईला किरण अडवणारा लेड अ‍ॅप्रन घालून जवळ उभी कर, मात्र ती गरोदर नाही ना हे विचारूनच. त्याहून सोपं म्हणजे स्टूलवर बसवूनच एक्स-रे काढ, छातीचा बसूनही निघतो, रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना फक्त तसं लिहून दे. उभ्यानंच काढायचा हट्ट धरून तीन टाके पडण्यापेक्षा बरं.

खाली घेतल्यावर पाय वर, साधारण फूटभर, स्टूल असेल तर स्टूलवर. पंखा लाव. गर्दी बाहेर काढ. श्वास चालू आहे का बघ, मनगटाला किंवा गळ्याला नाडी बघ, आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून ठेव, कारण नंतर सगळे म्हणतात दहा मिनिटं बेशुद्ध होती आणि असतात चाळीस सेकंद. उलटी येतीय असं वाटलं तर कुशीवर. तोंडावर पाण्याचा तांब्या ओतायचा नाही, पूर्ण जागा होईपर्यंत तोंडात पाणी, साखर, ग्लुकोज काहीही घालायचं नाही, आणि दातात चमचा तर अजिबात नाही. सेंटरच्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटालाच बोलवायचं, शुद्धीवर आल्यावर नव्हे. बीपी घे, ग्लुकोमीटरवर साखर बघ. डायबेटिसवाला पेशंट गोळी घेऊन उपाशी आला असेल तर ती चक्कर नसून साखर उतरलेली असू शकते, आणि तिथं नुसते पाय वर करून बसलास तर तो सावरणार नाही.

शुद्ध आली की लोकांना लगेच उठायचं असतं, नातेवाइकांनाही उठवायचं असतं, उठ बाळ उठ काही झालं नाही. तिथं तू खवीस हो. दहा-पंधरा मिनिटं आडवंच, मग बसवून पाच मिनिटं, मग धरून उभं. घाईत उठवलेला पेशंट बाथरूमच्या दारात परत पडतो, आणि दुसऱ्यांदा पडतो तेव्हा धरायला कुणी नसतं. डोकं आपटलं असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घरी सोडायचं नाही.

पण सगळंच चक्कर म्हणून खपवू नकोस. साध्या चक्करमधला माणूस आडवा केल्यावर मिनिटभरात डोळे उघडतो, कुठं आहे ते त्याला कळतं, फक्त थकलेला असतो. झटके मिनिटा-दोन मिनिटांपुढं गेले, जीभ कडेला चावली, तोंड निळं पडलं, जागा झाल्यावरही बराच वेळ गोंधळलेला राहिला, तर ती फिट असू शकते. पडायच्या आधी छातीत दुखलं, धडधडलं, किंवा काही पूर्वसूचना न देता, झोपलेल्या अवस्थेत, नाहीतर जिना चढता चढताच पडला, आधी हार्टचा त्रास आहे, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, अशा माणसाचा ईसीजी झाल्याशिवाय सुट्टी नाही. आणि श्वासच नसेल किंवा नुसते आचके देत असेल तर पाय वर करत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायला सांगायचं आणि छाती दाबायला सुरू करायची (यालाच सीपीआर म्हणतात), मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. फक्त आपल्या गावात "सीपीआर द्या सीपीआर" म्हणून ओरडू नकोस, कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, नातेवाईक रिक्षा बघायला पळतील. "छाती दाबा" म्हण.

उद्या तू सीटीला गेलास तर तिथं हा फरक अजून महत्त्वाचा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो ठळक यायला शिरेतनं द्यायचं औषध, दिल्यावर अंग गरम होतं, तोंडात लोखंडासारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, हे आधी सांगितलं नाही तर पेशंट घाबरूनच पांढरा पडतो. तिथं नाडी धरायची. नाडी संथ, अंग गार, घाम, तर बहुधा व्हेगसचा खेळ. नाडी पळतीय, अंगावर गांधी उठल्यात, आवाज घोगरा झालाय, घशात आवळतंय, छातीत शिट्टी वाजतीय, तर ती रिअ‍ॅक्शन, तिथं अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या स्नायूत, डॉक्टरांनी आणि लगेच. बीपी दोन्हीकडं पडतं, म्हणून नुसत्या बीपीवर जाऊ नये.

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, बाई उभी असते आणि प्लेटमध्ये दाबलेली, तिथं मागनं आधार देत आधी पायानं कम्प्रेशन सोडायचं, ते न सोडता ओढायला गेलास तर इजा होईल. सोनोग्राफीला शेवटच्या महिन्यांतली गरोदर बाई उताणी झोपून पांढरी पडली तर नुसते पाय वर करून उपयोग नाही, पोटाचं ओझं मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडलेलं असतं, डाव्या कुशीवर वळवायचं, बघता बघता रंग येतो. गर्भाशयाच्या नळ्यांच्या एक्स-रेला, एचएसजीला, गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागला तरी असंच होतं, म्हणून संपल्या संपल्या तिला टेबलावरनं उतरवायचं नाही. एमआरआयमध्ये पेशंट आधी खोलीबाहेर काढायचा आणि मग बाकीचं, ऑक्सिजनची टाकी आत न्यायची नाही, ते मॅग्नेट बंद होत नसतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका नातेवाइकाचा जीव त्यातच गेला. आणि हो, पेशंट सोडून नातेवाईकही पडतात. सुई बायकोला टोचलेली, आडवा झाला नवरा. तोही बघावा लागतो.

आता पेशंट यायच्या आधीचं. तीन प्रश्न विचारत जा, एवढंच. आज काय खाल्लंय, आत्ता रक्त दिलंय का, आणि सुई टोचताना किंवा रक्त देताना पूर्वी कधी चक्कर आलीय का. तिसऱ्याला पुरुष खोटं बोलतात, त्यामुळं आईला नाहीतर बायकोला विचार. हो म्हणाले तर पाणी पाजून, दहा मिनिटं बसवून मग घे. आणि त्यांना स्नायू आवळायची युक्ती शिकव. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्त या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात रक्ताला भिणाऱ्या लोकांसाठी ती बसवली. हाताच्या मुठी, मांड्या, पोट सगळं घट्ट आवळायचं, दहा-पंधरा सेकंद, चेहरा जरा गरम वाटेपर्यंत, मग सैल सोडून वीस-तीस सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. श्वास मात्र कोंडायचा नाही. पायातलं रक्त वर ढकललं जातं, बीपी धरून राहतं. रांगेत उभ्या असलेल्यांना पाय एकमेकांवर घालून मांड्या दाबायला सांगितलं तरी फरक पडतो. अर्थात ज्याचे ओठ आधीच पांढरे झालेत त्याला मुठी आवळायला सांगू नकोस, त्याला आडवा कर.

पगारातनं पैसे कापले त्याबद्दल. मला ते पटलेलं नाही. भांडू नकोस, पण लेखी दे. त्या दिवशीचं सगळं क्रमानं लिही, रक्त किती वाजता काढलं, एक्स-रे किती वाजता, काय खाल्लं होतं, किती सेकंद बेशुद्ध, कुठं लागलं, आणि तुमची खुर्चीत बसवल्याची चूकही त्यातच लिही, लपवू नकोस. खाली तीन मागण्या टाक. स्टँडजवळ एक स्टूल आणि गुंडाळायची गादी, रूममध्ये बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर, आणि कंपनीच्या मेडिकलला एक तर एक्स-रे आधी आणि रक्त नंतर, नाहीतर रक्त दिल्यावर खाऊन मगच वर पाठवायचं. छातीच्या एक्स-रेला उपाशी असावं लागत नाही, तरी निम्मे पेशंट तसेच येतात कारण कुणी सांगतच नाही. साहेबांना खर्चाची भाषा कळते, गादी टाक्यांपेक्षा स्वस्त पडते असं लिहिलंस तरी चालेल. पैसे परत मिळतील की नाही मला सांगता येत नाही, पण कागद राहू दे.

हात थरथरतात म्हणालास. माझेही त्या चपलेच्या दिवसानंतर थरथरायचे. मी काय केलं ते सांगते, आयाला पेशंट करून जेवणाच्या सुट्टीत रोज एकदा खाली घ्यायचा सराव केला, पंधरा दिवस. ती हसून हसून बेजार व्हायची, पण हातांना वाट कळली. तुझ्या वॉर्डबॉयला घे. एकदा तू पड, एकदा तो. स्टँडला हनुवटी टेकवूनच पडायचं, खरं कुठनं लागतं ते तिथंच कळतं.

त्या पोरीला फोन केलास का, पत्रात काही लिहिलेलं नाहीस. टाके निघाले असतील आता. मोबाईल नंबर रजिस्टरमध्ये असेल, पण तू एकट्यानं करू नकोस, सेंटरच्या सिस्टरला करायला लाव आणि शेजारी उभा राहा. भाऊ परत शिव्या घालेल, घालू दे. आणि तिला सांगायला लाव की पुढं कधी रक्त द्यायचं असेल तर आडवं पडूनच द्यायचं आणि आपल्याला एकदा चक्कर आली होती हे आधी सांगायचं. नवरात्रातले उपास करणारीच असेल तर पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू ठेव म्हणावं. माझ्या ड्रॉवरमध्ये रिटायर होईपर्यंत एक डबा असायचा, अर्धे लाडू पेशंटनी खाल्ले आणि अर्धे रेसिडेंट डॉक्टरांनी.